ओळ २१२ वरचा स्टार

त्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये अजूनही लिहिलेलं आहे : दोष बेरजेच्या मॉड्यूलमध्ये. बेरजेचं मॉड्यूल म्हणजे मी. सहा वर्षं झाली, कुणी ते खोडलेलं नाही.

आधी थोडक्यात सांगते. एलएचसी या कणवेगवर्धकात दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून जातात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा. एवढं सगळं साठवणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून पहिल्या पायरीचा ट्रिगर सेकंदाला साधारण १ लाख घटना ठेवतो, बाकीच्या कायमच्या गेल्या. निर्णयाला मोजके मायक्रोसेकंद मिळतात, म्हणून हे काम एफपीजीए चिपांकडे. लोकांना वाटतं आम्ही प्रोग्रॅम लिहितो. आमची भाषा व्हीएचडीएल दिसते तशीच, पण तिच्यातून आपण चिपमधली जोडणी सांगत असतो. माझ्या मॉड्यूलचं क्लॉक २४० मेगाहर्ट्झचं. एका रजिस्टरमधून निघालेला सिग्नल ४.१७ नॅनोसेकंदांच्या आत पुढच्या रजिस्टरला पोचलाच पाहिजे. पोचतो की नाही, हा हिशेब चिपवर सगळं मांडणारं टूलच करतं. आमचा टायमिंग रिपोर्ट हिरवागार होता.

तरी जमिनीखाली १०० मीटरवरच्या एका बोर्डावर दर काही मिनिटांनी ऊर्जेची बेरीज चुकायची. नेहमी तोच बिट. लॅबमधल्या बोर्डावर तीच फाइल रात्रभर सुरळीत, सिम्युलेशनही बरोबर. चिपच्या आत बघायला मी प्रोब घातले, बिल्ड लावला, पाच तास थांबले, आणि दोष गायब! प्रोब काढले, पुन्हा पाच तास, दोष हजर. एकदा तर नुसता व्हर्जन नंबर बदलला, तर तो दुसऱ्याच बिटावर जाऊन बसला. तिथेच कळायला हवं होतं की ही लॉजिकची नाही, मांडणीची भानगड आहे, कारण प्रत्येक बिल्डला टूल सगळं नव्याने मांडतं. पण रिपोर्ट हिरवा होता, आणि हिरव्यावर संशय घ्यायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

असे तीन आठवडे. मग ती मीटिंग. सीनियर शांतपणे म्हणाला, "बाकी सगळं वर्षभर चालतंय. नवीन फक्त तुझं आहे." मी मान डोलावली. त्याच्या वाक्यापेक्षा त्या मान डोलावण्याचाच मला जास्त राग येतो.

सापडलं ते कन्स्ट्रेंट्सच्या, म्हणजे टूलला घातलेल्या अटींच्या फाइलमध्ये, ओळ २१२ वर. फॉल्स पाथ, म्हणजे 'या वाटेचा वेळ मोजू नकोस'. एकदा भरून ठेवलेल्या सेटिंगच्या रजिस्टरांसाठी हे चालतं. पण नावाच्या शेवटी स्टार होता : 'सम'ने सुरू होणारं जे असेल ते सगळं. माझी सगळी रजिस्टरं 'सम'नेच सुरू होत होती. घाई नाही असं सांगितल्यावर टूलने त्यातली काही चिपच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. लॅबमधल्या चिपला ते कसंबसं झेपत होतं, खालच्या गरम क्रेटमधल्या चिपला नाही. ओळीच्या वर कॉमेंट होती, 'तात्पुरतं, नंतर काढणे', आणि खाली त्याच सीनियरची आद्याक्षरं.

स्टार काढल्याबरोबर रिपोर्ट लालभडक झाला. लाल बघून इतका आनंद मला ना आधी कधी झाला, ना नंतर. मधे एक रजिस्टर घातलं, त्याने सगळं एका टिकने उशिरा यायला लागलं, ते जुळवण्यात दोन दिवस गेले. सीनियर कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "छान शोधलंस." कॉरिडॉरमध्ये. मीटिंगमध्ये नाही.

नव्या मुलांना मी बजावते, फॉल्स पाथ लिहाल तर पूर्ण नाव लिहा, आणि किती वाटा वगळल्या गेल्या ते टूलला वेगळं विचारा. पण खरं सांगायचं तर बीम तोंडावर आलेला असताना, रात्री दोन वाजता, सहावा बिल्ड पडल्यावर मीही तो स्टार टाकला असता. शिवाय 'सम' हे नाव मीच ठेवलं होतं, आणि ती फाइल वर्षभर माझ्याही डोळ्यांखालून जात होती.

मिनिट्स दुरुस्त करायची परवानगी मलाही आहे. अधूनमधून ते पान उघडते, ती ओळ वाचते आणि बंद करते.