फोन काढून घेण्याआधी

विटा, रविवार

प्रिय नंदू,


चिऊचा फोन काढून कपाटात कुलूपबंद करणार, असं तू काल म्हणालास. सहामाहीत गुण घसरले, रात्री दोन-दोनपर्यंत तिच्या खोलीत उजेड दिसतो, जेवताना धड बोलत नाही. बापाचा जीव टांगणीला लागणारच. पण निर्णय घेण्याआधी माझं थोडं ऐक. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत ती इथे आली होती, तेव्हा मी तिला म्हटलं, तू काय बघतेस ते मलाही दाखव. माजघरात दोघी शेजारी बसलो. आधी कुणीतरी चेहऱ्याला लावायचं सीरम दाखवलं. मग रोज १४ तास अभ्यास करणारा ‘नीट’चा मुलगा आणि त्याच्या टेबलावरचं घड्याळ. मग वर्गातल्या चौघीजणी लोणावळ्याला. त्यांत ही नाही. लगेच एक रडवेलं गाणं. हे सगळं पाचेक मिनिटांत. मध्येच तिने वरच्या पंख्याचा फोटो काढून मैत्रिणीला धाडला. विचारलं, तर म्हणाली, स्नॅपचॅटवर रोज एकमेकींना काहीतरी पाठवावं लागतं, नाहीतर ‘स्ट्रीक’ तुटते. फोटो कशाचा आहे, याला महत्त्व नाही. तो गेला पाहिजे. उद्या फोन कपाटात गेला, तर तुझ्या लेखी ती शिस्त असेल. तिच्या लेखी मात्र ती मैत्रिणींकडे फिरवलेली पाठ असेल.

तिला मनावर ताबा नाही, असं तू म्हणतोस. पण ज्या गोष्टीशी तिची गाठ आहे, ती थांबू नये अशीच घडवलेली आहे. पूर्वी पान संपलं की ‘पुढे’वर बोट ठेवावं लागायचं आणि तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये एझा रास्किन या संगणक-रचनाकाराने न संपणारं पान तयार केलं आणि ती थांबायची जागाच गेली. पुढे त्याने याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. आपल्याकडे २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले. तेव्हा शाळाच फोनवर भरत होती. चिऊच्या वयाची अख्खी पिढी त्याच पडद्यावर गणितही शिकली आणि रील्सही बघायला लागली.

तरीही सगळा दोष फोनच्या माथी मारू नकोस. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये तीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग त्यांना डिजिटल वापराशी जोडता आला. दुसरीकडे, फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची त्यांत नोंद होती. मला यात विसंगती दिसत नाही. सरासरीत सगळी मुलं एकसारखी दिसतात, पण एखादं मूल आतून पोळत असतं. म्हणून किती तास बघते यापेक्षा काय बघते, कधी बघते आणि बघून झाल्यावर तिला कसं वाटतं, हे विचार.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुला ठाऊक आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात. मुलांनी अभ्यासाला बसायचं, तर मोठ्यांनीही मालिका बंद करायच्या. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक घरोघरी फिरले, तेव्हा कुठे लोकांच्या अंगवळणी पडलं. मला त्यातलं मर्म हे वाटतं, की भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. एकट्या पोरीला शिक्षा झाली, तर ती चोरून बघेल. सगळं घर थांबलं, तर तिला एकटीला काही हुकल्यासारखं वाटणार नाही.

तेव्हा तू असं कर. रात्री साडेदहाला घरातल्या तिघांचेही फोन बैठकीत चार्जिंगला लागू देत. तुझ्या कामाचे मेसेज सकाळी बघ. तिला उठवायला साधं गजराचं घड्याळ आण. आधी झोप रुळावर येऊ दे. गुणांचा विषय महिनाभर काढूच नकोस. सीरम आणि १४ तासवाल्यांचे व्हिडिओ ‘नको’ म्हणून दाबायची सोय फोनमध्येच असते, ती दोघांनी मिळून वापरा. आणि साडेदहा की अकरा, हे तिलाच ठरवू दे. स्वतः ठरवलेली वेळ ती पाळेल.

एवढ्यावर भागलं नाही तर मात्र अंगावर काढू नकोस. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलंच राहिलं, मैत्रिणी तुटल्या, आवडीचं काहीच नकोसं झालं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे ने. जगण्यातच अर्थ नाही, असं काही तिच्या तोंडून आलं, तर एक दिवसही थांबू नकोस आणि तिला एकटीला सोडू नकोस. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. नंबर तुमच्या तिघांच्या फोनमध्ये आजच घालून ठेव. ताप आला तर आपण डॉक्टर गाठतो, तसंच हे. चार लोक काय म्हणतील, याचा विचार पोरीच्या जिवापुढे करायचा नसतो.

चिऊ हुशार आहे, हळवी आहे आणि तिला तुझा धाक नको, तू हवा आहेस. आज जेवण झालं की तिच्याजवळ बस आणि म्हण, काय बघतेस ते मलाही दाखव. ती दाखवेल तेव्हा नाक मुरडू नकोस, उपदेश करू नकोस. नुसतं बघ आणि विचार. कपाटाच्या किल्लीचं मग बघू.

तुझी,
ताई