शिरपामाळावर सुरतेचा हिशेब

नाशिकच्या धान्यबाजारात चाळीस वर्षे पेढी चालविणारे एक शेठजी आणि त्यांच्या सौभाग्यवती यांनी यंदा नाताळच्या सुट्टीत रोमला जाण्याचे योजिले होते. खरे तर योजना मुलांची होती. आईवडिलांनी केवळ होकार दिला होता. परंतु व्हिसाच्या कागदपत्रांत एक दाखला कमी पडला, मुदत टळली आणि प्रवासाच्या पैशांपैकी मोठा भाग परत आला. बांधलेल्या बॅगा सोडण्याची शेठाणीबाईंची मुळीच इच्छा नव्हती. त्या म्हणाल्या, "अहो, रोम नाही तर नाही. जुनी राजधानी पाहायची ना? मग जव्हारला जाऊ. तिथे व्हिसा लागत नाही."

शेठजी हसले आणि त्यांनी गाडी काढली.

म्हसरूळच्या गजपंथ सिद्धक्षेत्राचे दर्शन घेऊन दोघे त्र्यंबकच्या रस्त्याला लागले. आंबोलीनंतर तोरंगणचा घाट लागतो. सह्याद्रीचा माथा मागे पडतो, हवा बदलते आणि मोखाड्याच्या अलीकडे-पलीकडे डोंगरउतारांवर नागली आणि वरई यांची कापून झालेली शेते दिसू लागतात. नाशिकहून जव्हार सुमारे ऐंशी किलोमीटर. परंतु वळणे मोजली तर अंतर दुप्पट वाटावे. बाईंनी गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या, थेपले, खाकरे आणि मेथीची चटणी असा शिधा बरोबर घेतला होता. शेठजींनी त्या ओझ्याकडे पाहून विचारले, "अगं, आपण दोन दिवसांसाठी निघालो आहोत की चातुर्मासासाठी?" बाई म्हणाल्या, "रोमला नेणार होते तो डबा हाच. तुमच्यासाठी फक्त गाव बदलले आहे."

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर वसले आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी हे गाव ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणून ओळखले जाई. येथील मुकणे घराणे महादेव कोळी समाजाचे. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी या राज्याचा पाया घातला. त्यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. जयबांनी येथील वारली प्रमुखाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणी क्षुल्लक वाटल्याने ती मान्य झाली. मग जयबांनी त्या कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या जोडल्या आणि साऱ्या डोंगराला वेढा घातला.

ही कथा ऐकून शेठजींमधला व्यापारी जागा झाला. "करार करताना व्याख्या नीट लिहून घेतली नाही की असे होते," ते म्हणाले. बाईंनी मुलीने पाठविलेले प्रवासाचे पुस्तक चाळले होते. त्यांनी सांगितले की अगदी अशीच कथा भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीची आहे. तेथे डिडो राणीने बैलाचे कातडे कापून नगरापुरती जमीन मिळविली. पुढे हेच कार्थेज रोमचे वैरी झाले. "पाहा," त्या म्हणाल्या, "रोमपर्यंत नाही, पण रोमच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचलोच की नाही?"

१३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने जयबांचे पुत्र नेमशाह यांना राजा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हे राज्य टिकले. गावाबाहेरचा जयविलास राजवाडा मात्र अलीकडचा, यशवंतराव मुकणे महाराजांनी विसाव्या शतकात बांधलेला. काजूच्या झाडांमधून वर जाणारा रस्ता, गुलाबी छटेचा दगड, कमानी आणि घुमट पाहून शेठजींनी मुलाला छायाचित्र पाठविले व खाली लिहिले, "रोम, पहिला दिवस." मुलाचे उत्तर आले, "बाबा, मागे काजू दिसतात."

बाजारात एक वारली आजी उकडलेले करांदे विकत बसल्या होत्या. त्यांनी आग्रहाने एक करांदा पुढे केला. कंदमूळ वर्ज्य असल्याचे बाईंनी सांगताच आजी क्षणभर गोंधळल्या. "मातीतलं नाय खात? मग मातीवरलं घ्या," असे म्हणून त्यांनी नागलीची थैली पुढे सरकविली. शेठजींनी सवयीने भाव विचारला. आजींनी सांगितलेला आकडा ऐकून ते गप्प झाले. हीच नागली दोन हातांतून फिरून नाशिकला त्यांच्या पेढीवर येते तेव्हा तिचा भाव काय असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी घासाघीस केली नाही. बाईंनी ते पाहिले. पण बोलल्या काही नाहीत.

दुपार उतरणीला लागल्यावर दोघे शिरपामाळावर आले. गावापासून जवळच असलेला हा मोकळा माळ. स्मारक, त्यावर फडकणारा भगवा आणि समोर उलगडत गेलेली दरी. गर्दी नव्हती. वारा इतका होता की बाईंना पदर धरून उभे राहावे लागले.

१६६३ सालाच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर त्र्यंबकच्या बाजूने या मुलखातून गेले आणि त्यांचा मुक्काम या माळावर पडला. जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचे स्वागत केले, त्यांच्या शिरस्त्राणावर मानाचा शिरपेच चढविला आणि त्यावरून माळाला शिरपामाळ हे नाव पडले, असे परंपरा सांगते.

आता या दांपत्याच्या संसारातील एक जुना वाद सांगितला पाहिजे. शेठजी नाशिकचे, शाळेत असल्यापासून शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारे. बाईंचे माहेर सुरतेचे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या महाराजांनी आमची सुरत लुटली, आणि तुम्ही हुंडा न घेता मला आणली, हिशेब चुकता झाला." तेव्हापासून हा विनोद घरात अडतीस वर्षे चालला. परंतु ज्या माळावरून ती फौज खाली उतरली, त्या माळावर तो विनोद दोघांनाही सुचेना.

शेठजी विषय टाळणारे नव्हते. ते म्हणाले, "शाएस्ताखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून होता. मुलूख उजाड झाला, खजिना रिता झाला. राज्य कशावर चालवायचे? सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर. नुकसानभरपाई तेथूनच वसूल व्हायची होती."

"आणि वीरजी व्होरा?" बाईंनी विचारले.

हे नाव सुरतेच्या जैन घरांत आजही घेतले जाते. वीरजी व्होरा हे सतराव्या शतकातील सुरतेचे जैन श्रेष्ठी. मिरी, पोवळी, कापड यांचा घाऊक व्यापार त्यांच्या हाती होता आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी गरज पडेल तेव्हा त्यांच्याकडून कर्ज घेत असे. सुरतेबाहेर पोहोचताच महाराजांनी निरोप धाडला की सुभेदाराने आणि शहरातील तीन बड्या व्यापाऱ्यांनी समक्ष येऊन खंडणी ठरवावी. त्या तिघांत वीरजींचे नाव होते. उत्तर आले नाही. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. पाचशे शिपायांचा पगार तो सरकारातून घेत असे. शहराच्या रक्षणाला मात्र माणसे नव्हती. शहराला तटबंदीही नव्हती. ती पुढे औरंगजेबाच्या आज्ञेने बांधली गेली. ६ ते १० जानेवारी १६६४ या दिवसांत सुरत लुटली गेली, जाळली गेली आणि वीरजींचा वाडाही त्यातून सुटला नाही.

"ज्याने पगार घेतला तो किल्ल्यात," बाई म्हणाल्या, "आणि ज्याने कर भरला तो उघड्यावर. व्यापाऱ्याचे हे असेच."

शेठजींकडे याला उत्तर नव्हते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण त्या दिवसांत एक घर वाचले होते."

ते घर डचांच्या एका दिवंगत दलालाचे. फ्रेंच प्रवासी बर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात ही नोंद केली आहे. महाराजांनी कॅपुचिन पाद्र्यांच्या निवासाला हात लावू दिला नाही; त्याचप्रमाणे या दलालाचे घरही सोडले, कारण तो हयात असताना फार दानशूर होता, अशी त्यांची खात्री पटली होती. पेटलेल्या शहरात मेलेल्या माणसाच्या दानाने घर राखले.

बाईंनी विचारले, "त्याचे नाव काय?"

"बर्नियेने दिलेले नाही."

दरीत सावल्या लांबल्या होत्या. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि ज्यांनी इथे शिरपेच चढविला, त्या राजांचे काय झाले?"

तेही शेठजींना ठाऊक होते. आठ वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मराठ्यांच्या फौजेने जव्हार जिंकले. सतरा लाखांचा खजिना हाती लागला आणि विक्रमशाहांना राज्य सोडून जावे लागले. ज्या माळावर मान दिला, तो माळही राहिला नाही. राजकारणातील स्नेहाची मुदत ठेव किती वर्षांची, हे कोणी लिहून देत नाही.

"म्हणजे सुरतेच्या शेठचे गेले, जव्हारच्या राजाचेही गेले," बाई म्हणाल्या. "राहिले ते त्या दलालाचे, आणि बर्नियेने त्याचे नावही दिलेले नाही."

रात्रिभोजनत्यागाचा नियम दोघेही पाळतात. त्यामुळे सनसेट पॉइंटवर जगातील इतर पर्यटक सूर्यास्त पाहत उभे असताना हे दांपत्य सूर्याशी शर्यत लावून थेपले खात होते. शेठजींचा शेवटचा घास आणि सूर्याची शेवटची कोर एकाच क्षणी संपली. "रोममध्ये एवढा वक्तशीर सूर्य मिळाला नसता," ते म्हणाले. बाई मनापासून हसल्या.

मुक्कामी परतताना त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "रोमचे परत आलेले पैसे कोणत्या खात्यावर टाकले?"

"अजून कुठेच नाही. अनामत म्हणून दाखवले आहेत."

या मुलखाची दुसरीही एक ओळख आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला होता. पावसाळा सरला, भात-नागली घरात आली की अनेक कुटुंबे आजही वीटभट्ट्यांच्या कामाला बाहेर पडतात आणि मुलांची शाळा सुटते. वाटेत एका आश्रमशाळेच्या अंगणात संध्याकाळच्या जेवणासाठी ताटे घेऊन रांगेत उभी असलेली मुले दोघांनी पाहिली होती. त्या वेळी गाडी थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थांबली. काय ठरले, किती ठरले, हे नाशिकच्या पेढीवरील रोजमेळात सापडणार नाही. पावती कोणाच्या नावाने करायची, असे विचारल्यावर शेठजींनी सवयीने खिशातून आपले कार्ड काढले. बाईंनी ते त्यांच्या हातातून हळूच घेतले आणि पर्समध्ये ठेवले.

परतीच्या वाटेवर तोरंगणचा घाट चढताना शेठजी म्हणाले, "तुझ्या सुरतेचा हिशेब आता तरी मिटला का?"

"सुरतेचा मिटला," बाई म्हणाल्या. "आता त्या आजीच्या नागलीचा राहिला. नाशिकला पोहोचलो की तुमच्या खरेदीचा भाव मला दाखवा."

घाटाच्या माथ्यापर्यंत शेठजी काही बोलले नाहीत. माथ्यावर आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, मागे वळून जव्हारच्या दिशेला एकदा पाहिले आणि म्हणाले, "दाखवतो."