काळी रिंग

सिविल लाइंसच्या या घरात पावसाळ्याची ओल कपाटाच्या आतपर्यंत पोचते. आज जी. आय. जोचा खेळण्यातला सैनिक उचलला, तर कंबरेपासून दोन तुकडे हातात आले. आतली काळी रबरी रिंग डांबरासारखी चिकट झाली होती. पावणेचार इंची देहाचा सगळा डोलारा त्या एका रिंगवर! ही रचना १९८२ची, अमेरिकी. आमच्या हाती ती आली फनस्कूलमुळे, आणि ती कंपनीच मुळी १९८७ची.

माझ्या वहीत प्रत्येक खेळण्याचं परीक्षण असतं: सांधे, रंग, पकड. याच्यापुढे लिहिलंय, ‘अंगठा तुटका, बाकी उत्तम.’ बंदूक कोंबताना तो माझ्याच हातून गेला होता. (याला कुणी बाहुली म्हटलं की अजूनही राग येतो.)

तशी नवी रिंग मागितली, तर मोटरसायकलच्या मिस्त्रीने डबा उपसून नेमकी काढली. “बड्डे, गाड़ी कौन सी है?” मी जुन्याच गाडीचं नाव ठोकून दिलं.

रात्री पाठीतला स्क्रू आवळला. कंबर वळली. उभा राहतो, पण किंचित मागे रेलून. बाबा संध्याकाळी फाटकाशी उभे राहायचे, तसा. वही उघडी आहे. परीक्षणात काय लिहावं, सुचत नाही.