अंजदीवच्या रानात

जहाजावरील युद्धात शत्रूचे तोंड पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तो क्षितिजावरचा ठिपका असतो, आणि त्याचे अंतर मोजून सांगण्याचे काम दुसऱ्याच कोणाकडे असते. अशा शिक्षणात मुरलेल्या आम्हां खलाशांना दि. १८ डिसेंबर १९६१ रोजी हाती बंदुका देऊन अंजदीव बेटावर उतरविण्यात आले. कारवारसमोरचे हे चिमुकले बेट पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते. नोव्हेंबरात तेथील शिबंदीने ‘साबरमती’ या उतारूंच्या आगबोटीवर आणि पुढे मच्छीमारांवरही गोळ्या झाडल्या, त्यांत एक मच्छीमार प्राणास मुकला. तेव्हा गोवा मुक्त करण्याच्या मोहिमेत या बेटाचा बंदोबस्त साहजिकच आरमाराच्या वाट्यास आला.

सकाळी सातच्या सुमारास ‘त्रिशूल’ या युद्धनौकेच्या तोफांच्या आडोशाने लेफ्टनंट अरुण ऑडिट्टो यांच्या हुकमतीखालील आमची पहिली फळी किनाऱ्याला लागली, आणि पांढरे निशाण दिसल्यामुळे काम निर्वेध पार पडणार असे वाटून आम्ही रानात शिरलो. एवढ्यात मागे, पाण्याच्या बाजूस, यंत्रतोफांचा कडकडाट सुरू झाला. दुसऱ्या फळीच्या होड्या उघड्या समुद्रावर होत्या. त्या फळीचे लेफ्टनंट केलमन जखमी झाले ते तेथेच. निशाण हे कपट होते, की एका मोर्च्याची खबर दुसऱ्याला नव्हती, याचा निवाडा रानात पालथ्या पडलेल्या माणसाने करू नये, असे माझे मत आहे.

माझा जन्म एदलाबादकडचा, म्हणजे ज्याला आता मुक्ताईनगर म्हणतात तिकडचा. तापी-पूर्णेच्या काठच्या नाल्याखोऱ्यांतून शेळ्यांमागे हिंडण्यात बालपण गेलेले, ही गोष्ट तुकडीत सर्वांना ठाऊक होती. शेजारचा मालवणी गडी म्हणाला, “तू फुडें हो रे, तुका रान कळता.” आता आमच्याकडचे रान डिसेंबरात विरळ असते, बाभूळ, हिवर यांच्या आरपार पलीकडचा माणूस दिसतो. येथे वेली आणि काटेरी झुडपे एकमेकांत अशी गुंतलेली, की हातभर अंतरावरील सोबतीही नाहीसा व्हावा. तथापि हरवलेली शेळी शोधताना गुराखी वरचा पाला पाहत नाही, भुईला गाल लावून बुंध्यांच्या मधून पाहतो. ती एक युक्ती मात्र तेथे उपयोगी पडली. त्या फटीतून दगडांचा एक रचीव ढीग आणि त्यामागची हालचाल दिसली, आणि आम्ही कोपरांवर सरकत त्याला वळसा घालू लागलो. ‘मैसूर’ व ‘त्रिशूल’ या युद्धनौकांच्या थोरल्या तोफा पाठीशी होत्या खऱ्या. पण दोन्ही पक्ष त्याच झुडपांत मिसळलेले असता तोफेला आपला आणि परका कसा ओळखू यावा? जहाज जवळ असून दूर होते.

दुपारी बेट ताब्यात आले. आरमाराचे सात जण तेथे कामी आले. दुसऱ्या दिवशी पणजी मोकळी झाली आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. पुढे रजेवर गावी गेलो तेव्हा मंडळी पणजीचीच हकीकत विचारीत, अंजदीव हे नाव कोणाच्या कानांवर नव्हते, आणि आरमारातला माणूस पायदळासारखा काट्यांतून रांगत लढला, हे तर कचेरीतल्या एका जाणत्या कारकुनाला काही केल्या पटेना.