चंपाच्या विटा

व्हिएतनामच्या सहलीचा आराखडा आता आपल्याकडे सगळ्यांना पाठ झाला आहे. दा नांगला उतरायचं, बा ना डोंगरावर रोपवेनं चढून दोन अजस्र हातांनी धरलेल्या सोनेरी पुलावर फोटो काढायचे, संध्याकाळी होई आनच्या गल्ल्यांत कंदील बघायचे आणि मधल्या एखाद्या अर्ध्या दिवसात मी-सॉनची ‘पडकी हिंदू मंदिरं’ उरकायची. पुलाचे हात दगडी वाटतात, पण ते जाळी आणि फायबरग्लासचे आहेत. पूल २०१८ साली खुला झाला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. लोक हौसेनं जातात, जावं. माझं भांडण त्या अर्ध्या दिवसाशी आहे.

मी जुन्या वीटकामाच्या जतनाचं काम करते. महाराष्ट्र दगडाचा देश. विटेचं जुनं देऊळ दाखवायचं तर विद्यार्थ्यांना घेऊन धाराशिव जिल्ह्यात तेरला जावं लागतं. त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही दोनच नावं चटकन तोंडावर येतात. व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर मात्र दा नांगपासून पार फान थिएतपर्यंत टेकड्या-टेकड्यांवर विटांचे मनोरे उभे आहेत. ते चाम लोकांनी बांधले. त्यांचं चंपा हे एकसंध राज्य म्हणणं कठीण. किनाऱ्यालगतच्या खोऱ्याखोऱ्यांतून वसलेली ती संस्थानं होती. चौथ्या शतकाच्या आगेमागे त्यांचे राजे शिवभक्त म्हणून संस्कृत शिलालेखांत दिसू लागतात आणि त्यांचा उरलासुरला शेवटचा तुकडा १८३२ साली व्हिएतनामच्या मिन्ह मांग सम्राटानं गिळला.

हे मनोरे बघताना एक अडचण येते. देऊळ म्हणून आपण जे एका जागी बघतो, ते इथे तीन ठिकाणी विखुरलेलं आहे. भिंती मी-सॉनच्या दरीत, मूर्ती दा नांगच्या संग्रहालयात आणि पूजा तिथून सहाशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, फान रांगमध्ये. अर्ध्या दिवसात भिंती तेवढ्या दिसतात. मग माणसं म्हणतात, ‘तिथे काही नाहीच हो.’ खरंच नसतं.

म्हणून आधी संग्रहालय. आँरी पार्मांतिए या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या पुढाकारानं १९१५ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि १९१९ मध्ये ते खुलं झालं. पिवळ्या रंगाची, ऐसपैस खिडक्यांची इमारत आहे. हान नदीची झुळूक थेट आत येते. मी-सॉनच्या ई-१ मंदिराचं सातव्या शतकातलं पीठ इथे आहे. गाभाऱ्यात लिंग ज्यावर विराजमान असायचं त्या चौथऱ्याच्या कडेनं डोंगरातल्या तपस्व्यांचं आयुष्य कोरलंय. कुणी ध्यानस्थ, कुणी वाद्य वाजवतोय, कुणी आडवा होऊन अंग रगडून घेतोय. तपश्चर्येत इतका निवांतपणा मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. शेजारी ई-५ मधला गणपती. तो उभा आहे. कमरेला व्याघ्रचर्म, नागाचं जानवं आणि सोंड हातातल्या वाडग्यात. मराठी मंडळी त्याच्यापुढे हटकून थांबतात आणि बाकीचं दालन चुकवतात. तसं करू नका. त्रा किएउच्या नर्तकी पुढच्याच दालनात आहेत.

त्रा किएउ म्हणजे जुनी सिंहपुरा, चंपाची एक राजधानी. थू बॉन नदी नकाशावर नीट बघितली तर सगळी मांडणी उलगडते. उगमाकडे मी-सॉन, म्हणजे देवस्थान, मधे राजधानी, मुखाशी होई आन, म्हणजे बंदर. डोंगरातलं अगरू आणि इतर जंगलमाल नदीनं खाली यायचा आणि समुद्रमार्गे जायचा. देवळांना पैसा कुठून आला, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या एका नदीत आहे. आज आपण बघतो ते होई आन नंतरचं, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चिनी-जपानी व्यापाऱ्यांचं. छान आहे. त्यावर भरपूर लिहून झालंय.

आता मी-सॉन. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजानं इथे भद्रेश्वर नावाचं लिंग स्थापलं. राजाचं नाव देवाला देण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. ते पहिलं देऊळ जळालं. पुढे शंभुवर्मनानं नवं बांधलं आणि देवाच्या नावात आपलं नाव घालून त्याचं शंभुभद्रेश्वर केलं. त्यानंतर तेराव्या शतकापर्यंत राजे बांधत राहिले. पार्मांतिएनं या सगळ्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. नावं रुक्ष आहेत खरी, पण तीच आजही चालतात.

बी-५ च्या भिंतीपाशी जा आणि नाक जवळजवळ विटेला लावा. हे कोशगृह, देवाची भांडीकुंडी आणि पूजासाहित्य ठेवायची जागा. छत होडीच्या पाठीसारखं वाकलेलं. दोन अर्धस्तंभांच्या मधे हात जोडून उभी आकृती दिसते. तिच्या जोडलेल्या तळव्यांवरून विटांचे सांधे आडवे गेलेत. म्हणजे साच्यातून काढलेल्या नक्षीच्या विटा इथे बसवलेल्या नाहीत. आधी भिंत उभी केली आणि मग अख्ख्या भिंतीला एकच दगड समजून कोरलं. चूक झाली तर वीट बदलायची सोय नाही. त्यात सांधा इतका बारीक की नख शिरत नाही. आपल्या गवंड्याला विचारा, अर्ध्या इंचाचा मसाला नसेल तर वीट बसेल का? तो हसेल.

हे कसं साधलं यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. कच्च्या विटांचा मनोरा रचून तो बाहेरून जाळ लावून एकदम भाजला, ही एक लोकप्रिय गोष्ट. मला ती पटत नाही. मीटरभराहून जाड भिंत अशी आतपर्यंत सारखी भाजली जाणार नाही. बाहेर करपेल, आत कच्ची राहील. विटा भाजूनच आणल्या, एकमेकींवर घासून बसवल्या आणि मधे झाडाच्या राळेचा पातळ हात दिला, हे जास्त संभवतं. या भागात ‘झाउ राय’ नावाची राळ मिळते. कोळी अजूनही ती होड्यांच्या फटी बुजवायला वापरतात. इटालियन संशोधकांनी जी गटाच्या जीर्णोद्धारात सेंद्रिय बंधकाचाच माग काढला. वर छपराकडे जाताना प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा आत सरकवत नेलाय. कमान नाही, लाकूड नाही. आत उभं राहून वर बघितलं तर अंधारात निमुळतं होत जाणारं धुराडं दिसतं. विजेरी न्या.

गाइड सांगतात की जुन्या विटांवर शेवाळ धरत नाही आणि नव्यांवर धरतं, म्हणून चामांचं काहीतरी गुपित होतं. अर्धं खरं. नवी वीट सिमेंटच्या संगतीत बसवली की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, पांढरा लोणा फुटतो आणि मग शेवाळही येतं. गुपित विटेत जेवढं आहे, तेवढंच तिच्या शेजाऱ्यात.

ए-१ हे सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत देखणं देऊळ होतं, असं पार्मांतिएची रेखाटनं सांगतात. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत ते कोसळलं. दरीत व्हिएत काँगचा तळ होता. पॅरिसच्या गिमे संग्रहालयाचे फिलीप स्टर्न यांनी थेट अध्यक्ष निक्सन यांना निषेध कळवला. आता तिथे विटांचा ढिगारा आणि मधे पीठ आहे. बी आणि सी गटांच्या आसपास गवताळ खळगे दिसतात. ते बॉम्बचे खड्डे. पर्यटक त्यात उभं राहून फोटो काढतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. युद्धानंतर इथे पहिलं नेटकं काम केलं ते काझिमेझ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञानं. सुरुंग पेरलेल्या जागेत, तुटपुंज्या साधनांनिशी, आणि ‘पडलंय ते पुन्हा बांधायचं नाही, उभं आहे ते पडू द्यायचं नाही’ या धोरणानं. १९९७ मध्ये ह्युए शहरात त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी मी-सॉन आणि होई आन जागतिक वारशाच्या यादीत गेले. होई आनमध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे. कंदील बघून झाले की जरूर शोधा. २०१७ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं ए, एच आणि के या गटांवर काम केलं. मे २०२० मध्ये त्यांच्या पथकाला वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं, त्या बातमीवर आपल्याकडे बरीच चर्चा झाली. लिंगापेक्षा मला ए गटातल्या ढिगाऱ्यातून विटा वेचून लावणारे हात जास्त महत्त्वाचे वाटतात, पण त्यांची बातमी होत नाही.

मी-सॉनहून किनाऱ्यानं दक्षिणेकडे उतरताना क्वी न्योनचे जुळे मनोरे आणि बान्ह इतची टेकडी लागते. ही विजया नगरीची बाजू. १४७१ मध्ये ती पडली आणि चंपा दक्षिणेकडे आक्रसली. फू येनच्या किनाऱ्यावर गान्ह दा दिया इथे बेसॉल्टचे षट्‌कोनी खांब समुद्रात उतरतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी बघितलेल्याला ओळख पटेल, फक्त इथे इमारतींऐवजी लाटा आहेत.

न्या त्रांगला पो नगर. नदीच्या मुखाशी, रहदारीच्या पुलाला लागून, टेकडीवर. समुद्रावरून आलेल्या हल्लेखोरांनी ७७४ मध्ये इथलं देऊळ जाळलं, ७८४ मध्ये सत्यवर्मनानं ते विटांत उभारलं. भगवतीची सोन्याची मूर्ती ९१८ साली बसवली होती. ती कंबोडियाच्या ख्मेरांनी पळवली, तेव्हा ९६५ मध्ये दगडाची घडवली. चोरांच्या लोभाचा शिलालेखात यथास्थित उद्धार केलेला आहे. आज तीच देवी व्हिएतनामी भाविकांची थिएन या ना आहे. अंगावर रेशमी झगा, डोक्यावर मुकुट, पुढे उदबत्त्यांचा धूर. दहा हातांपैकी किती झग्याबाहेर दिसतात ते पुजाऱ्याच्या हातचं. चाम येतात, व्हिएतनामी येतात, चांद्र तिसऱ्या महिन्यात जत्रा भरते. शुद्ध चाम रूप शोधायला आलेले अभ्यासक नाराज होतात. मी होत नाही. देवीचा धनी बदलला तरी दिवा विझला नाही, हे माझ्या लेखी मोठं.

आणि फान रांग. हे पूर्वीचं पांडुरंग. नाव ऐकून पंढरपूरकडे धावायची गरज नाही; मला दोन्हींचा दुवा दाखवणारा पुरावा माहीत नाही. १४७१ नंतर सरकत सरकत चंपा इथे येऊन टिकली, म्हणून पूजाही इथेच टिकली. व्हिएतनाममधला हा सगळ्यांत कोरडा कोपरा. निवडुंग, द्राक्षांचे मांडव, का नाची मिठागरं. पो क्लोंग गराईचं देऊळ तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावर जया सिंहवर्मन तिसरा यानं बांधलं. दारावर सहा हातांचा नाचणारा शिव, आत मुखलिंग. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्यात, बहुधा आपल्या नवरात्राच्या आगेमागे, काते हा सण येतो. आदल्या दिवशी डोंगरातले रागलाई लोक देवाची वस्त्रं घेऊन उतरतात. ती सांभाळायचा मान त्यांचा. मग दार उघडायचा विधी, लिंगाला स्नान, वस्त्रं चढवणं, नैवेद्य. एक पुरोहित दोन तारांचं, कासवाच्या पाठीचं वाद्य वाजवत देवाची स्तुती गातो. मुखवटा आणि पोशाख चढवलेली पिंड आपण घरच्या देवस्थानांत बघतो, त्यामुळे काय चाललंय ते भाषा न कळताही कळतं. नैवेद्यात बोकड आणि दारू असते, हे आधी सांगून ठेवते. इथले ब्राह्मणी चाम गोमांस खात नाहीत आणि बानी म्हणवणारे त्यांचे मुस्लिम भाऊबंद डुकराचं. दोघं एकमेकांच्या सणाला जातात.

जवळच बाऊ त्रुक हे कुंभारांचं गाव. इथे चाक नाही. माती एका उपड्या मडक्यावर ठेवतात आणि बाई तिच्याभोवती पाठमोरी पावलं टाकत फिरते. फिरणारी तीच, माती जागची हलत नाही. ओल्या फडक्यानं काठ गुळगुळीत होतो. भट्टीही नाही, उघड्यावर लाकूड-पेंढ्यात भाजतात. २०२२ मध्ये युनेस्कोनं ही कला तातडीनं जपण्याच्या यादीत घातली.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी शेवटचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो, होई आनच्या गल्ल्यांत नदी शिरते आणि मी-सॉनची पायवाट निसरडी होते. तेव्हा सहल उलटी करा. हो ची मिन्हला उतरून आधी फान रांग. स्टेशनचं नावच ‘थाप चाम’, चामांचा मनोरा. तिथून न्या त्रांग रेल्वेनं साधारण दोन तास. दा नांगची तिकिटं हवामान बघून काढा. जमलं तर फेब्रुवारी ते एप्रिल गाठा आणि मी-सॉनला दरवाजे उघडतानाच पोचा, कारण दहानंतर विटा तापतात आणि बसगाड्या येतात.