चिकटणे

काही क्रियापदे दिसायला साधी असतात. पण त्यांच्या पोटात एखाद्या मुलखाचा अर्धाअधिक इतिहास लपलेला असतो. आमच्या देवगड-मालवणकडे 'चिकटणे' हे क्रियापद त्या जातीचे आहे. "अमक्याचो झील मुंबैत चिकाटलो," असे कुणी बाजारात सांगितले की, ऐकणाराला पुढचे काही विचारावे लागत नसे. पोराला काम लागले, त्याची मनिऑर्डर सुरू होणार, गवताच्या छपरावर कौले चढणार आणि येत्या वैशाखात घरात सनई वाजणार, हे सगळे त्या एका शब्दात येऊन जाई.

नोकरी 'मिळवणे' हा प्रयोग आमच्याकडे पुस्तकातच राहिला. मिळवण्यात मिळवणाऱ्याचे कर्तृत्व असते. चिकटण्यात ते नसते. तिथे आधी कुणीतरी चिकटलेला असावा लागतो आणि त्याने दुसऱ्याला ओढून घ्यावे लागते. "माझ्या झिलाक खंय तरी चिकटव रे बाबा," हे वाक्य गणपतीत गावी आलेल्या प्रत्येक चाकरमान्याने ऐकलेले असते. (चाकरमानी आमच्याकडे दिवाळीला फारसे येत नाहीत, गणपतीला येतात, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. आमच्या दिवाळीत पोहे पाच तऱ्हांचे असतात आणि खाणारी माणसे चार.)

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली. तेव्हापासून पुढे शंभर-सव्वाशे वर्षे कोकणचा तरुण या चिकटण्याच्या वाटेने मुंबईला जात राहिला. 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. एवढी माणसे त्या अफाट शहरात हरवून कशी गेली नाहीत, याचे उत्तर गिरणीच्या भोंग्यात नाही; ते गावाच्या खोलीत आहे. लालबाग-परळच्या चाळीत गावाने मिळून एक खोली घ्यायची. तिच्यात वीस-पंचवीस जणांनी पाळीपाळीने झोपायचे. जेवण ओळखीच्या खानावळवालीकडे. गिरणीत माणसे भरण्याचे काम जॉबरकडे असे आणि जॉबर आपल्या ओळखीतली, आपल्या मुलखातली, आपल्या जातीतली माणसे घेई. बोटीतून उतरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी बदली म्हणून खात्याच्या दारात उभा राही. सकाळच्या चहापासून साच्यावरच्या शिव्यांपर्यंत सगळा कारभार त्याच्या ओळखीच्या बोलीत चाले. त्याने मुलूख बदलला. जीभ बदलावी लागली नाही.

हे चित्र गोड आहे, पण पुरते खरे नाही. जो चिकटवतो तोच कुणाला चिकटू द्यायचे नाही हेही ठरवतो. साचाखात्यात पगार चांगला. पण तिथे कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तेवढे निमित्त पुढे करून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यात येऊ दिले जात नसे. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. गावाच्या खोलीत आपुलकी होती. तिच्या दाराला आतून कडी होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

ही सगळी उजळणी करण्याचे कारण एक इंग्रजी निबंध. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो 2006 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकात छापला. विषय कोणता, तर आपले दादर! दादरच्या शाळांतून मागल्या वीस वर्षांत शिकलेल्या मुलामुलींच्या जवळजवळ पाच हजार मराठी कुटुंबांची त्यांनी पाहणी केली होती. कोणाचे मूल मराठी शाळेत गेले, कोणाचे इंग्रजी शाळेत, आणि पुढे कमाई काय झाली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्यातली समीकरणे मी पालीसारखी दुरून पाहिली. पण निष्कर्ष असा होता की, तो वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ पडवीत बसून राहिलो.

1990 नंतर मुंबईत कचेरीच्या नोकऱ्यांचा भाव वाढला आणि इंग्रजीचा भाव त्याहून वाढला. तरीही ज्या जातींतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतीच्या कामांत एकमेकांना चिकटवीत आले होते, त्यांच्या घरचे मुलगे मराठी शाळेतच जात राहिले. कारण त्या शाळेतून त्या कामाकडे जाणारी वाट मळलेली होती, आणि वाटेवर हात धरायला माणसे उभी होती. त्याच घरांतल्या मुली मात्र झपाट्याने इंग्रजी शाळांत गेल्या. त्यांना कुणी कधी चिकटवले नव्हते. म्हणून त्यांना अडवून धरणारेही काही नव्हते.

आता हे शब्द पुन्हा आमच्या बोलीत नेऊन पाहा. 'चेडू मुंबैत चिकाटला' असे मी उभ्या जन्मात ऐकलेले नाही. मुलगी 'नोकरीक लागली' म्हणतात, 'काम करता' म्हणतात. चिकटतो तो झील. जी गोष्ट या दोन विद्वानांना पाच हजार कुटुंबांच्या पाहणीतून दिसली, ती आमच्या बोलीने आधीच सांगून ठेवली होती. आम्हांला ऐकू आली नाही, एवढेच.

मी पडवीत बसून राहिलो, तो माझ्या धाकट्या काकांच्या घरातली एक गोष्ट आठवून. काका 1969 साली एका गिरणीत चिकटले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले किती तरी पुन्हा आत गेलेच नाहीत. काका त्यांपैकी एक. त्यानंतर घर चालले ते काकूच्या खानावळीवर. थोरला मुलगा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत होता. पाठची मुलगी शाळेत घालायची झाली तेव्हा काकूने तिला फी भरून इंग्रजी शाळेत घातले. घरात मोठा कल्लोळ झाला. मुलाला नाही ते मुलीला? तेव्हा काकूने उत्तर दिले ते अजून आमच्या घरात सांगतात: "तेका बघूक पन्नास जण आसत. हिका कोण चिकटवतलो?"

काकू स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. अर्थशास्त्राचा निबंध तिने एका वाक्यात आटोपला.

पुढचे ठरल्यासारखे झाले. भावाला गाववाल्यांनी एका गोदामात चिकटवले. बहीण पदवीधर झाली, जाहिरात वाचून अर्ज करून एका कंपनीत लागली आणि आज भावाच्या कितीतरी पट कमावते. भावाला याचा राग नाही. निदान बोलण्यात तरी नाही. पण एकदा भजन आटोपल्यावर तो मला म्हणाला, "दादा, माका कोणी विचारल्यानच नाय." मला त्यावर उत्तर सुचले नाही. मराठी शाळेत शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला त्या वाक्यावर उत्तर सुचणे कठीणच आहे.

तरी एक सांगितले पाहिजे. चार वर्षांपूर्वी हा भाऊ आजारी पडला तेव्हा गावच्या मंडळाने तासाभरात रक्त देणारे सात जण उभे केले. इस्पितळातल्या पाळ्या वाटल्या, डबे पोचवले. बहिणीच्या इमारतीत शेजारी कोण राहतो हे तिला ठाऊक नाही. ही जी सोबत आहे तिचीही किंमत आहे, आणि अर्थशास्त्रज्ञ तीही मोजू पाहतात, हे त्यांच्या बाजूने मान्य करायला हवे. याच दोघांनी 2016 मध्ये आणखी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी असे मांडले की, आपल्या देशातली खेड्यातली माणसे कायमची गाव सोडायला कचरतात याचे एक कारण जातीतली ही अडीअडचणीची देवघेव आहे. शहरात पगार जास्त असतो. पण आजारात उसने देणारे हात गावात असतात. फणसाचा चीक ज्यांनी हाताला लावून घेतला आहे त्यांना हे समजावून द्यायला नको. तो नुसत्या पाण्याने जात नाही.

मग इंग्रजीचे मोल नेमके किती? मेहताब आझम, एमी चिन आणि निशिथ प्रकाश यांनी 2005 सालच्या देशव्यापी पाहणीवरून ते काढले आहे. त्यांचा निबंध 2013 चा. अस्खलित इंग्रजी बोलणारा पुरुष मुळीच न बोलणाऱ्यापेक्षा सरासरी 34 टक्के अधिक कमावतो. थोडेफार बोलणारा 13 टक्के. शालान्त परीक्षेपर्यंतचे शिक्षण पुरे केल्याने जेवढी वाढ मिळते, जवळजवळ तेवढीच ही वाढ. म्हणजे माझी अख्खी मॅट्रिक एका पारड्यात आणि नुसती फर्डी इंग्रजी दुसऱ्यात! हा आकडा मी आमच्या शाळेच्या फळ्यावर लिहिणार नाही. आधीच पट घटतो आहे.

पण त्याच निबंधात एक दुसरी गोष्ट आहे, आणि ती मात्र मी भेटेल त्या पालकाला सांगतो. वयस्क कामगारांत, शिक्षण कमी असो वा जास्त, इंग्रजीने सगळ्यांनाच काही ना काही अधिक मिळवून दिलेले दिसते. तरुणांत तसे नाही. त्यांच्यात जे पुष्कळ शिकले त्यांनाच इंग्रजीचा मोबदला मिळतो. आठवी-नववीतून शाळा सोडलेल्याच्या पदरी इंग्रजीपायी काही पडत नाही. आमच्या गावात सकाळी पिवळी गाडी येते आणि टाय बांधलेली पोरे तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते. त्यांतली काही हुशार आहेत. त्यांचे भले होवो. पण काही अशी आहेत की, त्यांना घरी शिकवणारे कुणी नाही, वर्गातले समजत नाही, आणि सातवीत आल्यावर ती मान खाली घालून आमच्याकडे दाखला घेऊन परत येतात. तोवर त्यांना 'अपूर्णांक' हा शब्द परका झालेला असतो आणि 'फ्रॅक्शन' कधी आपला झालेलाच नसतो. बाप म्हणतो, "गुरुजी, पैसे गेले ते गेले, पण पोर बोलायचे बंद झाले." काकूच्या मुलीला इंग्रजीने तारले, हे खरे, पण तिला पदवीपर्यंत रेटणारी काकूही होती, हे लोक विसरतात.

भाषा लहानपणी लवकर येते, हे सांगायला विद्वान नकोत. पण तिचा कमाईशी धागा कसा जुळतो हे होयट ब्लीकली आणि याच एमी चिन यांनी 2004 मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवले. परदेशातून अगदी लहान वयात अमेरिकेत आलेली मुले इंग्रजी सहज शिकतात. थोडी मोठी होऊन आलेली मागे पडतात. आणि हा फरक पुढे पगारात दिसतो तो बव्हंशी शाळेच्या वाटेने. भाषा येते म्हणून मूल शाळेत टिकते; शाळेत टिकते म्हणून कमावते.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर अमेरिका नव्हती. आमच्या हापूसच्या बागांत राखणीला आता नेपाळी कुटुंबे येतात. दिवाळीनंतर यायचे, फवारणी, राखण, तोड करायची आणि पाऊस लागला की परत जायचे. तीही माणसे चिकटूनच येतात: मामा भाच्याला आणतो, भाचा मेव्हण्याला. बापाला मराठी चार शब्दांपलीकडे येत नाही. बागायतदार काय म्हणाला ते तो आपल्या आठ वर्षांच्या मुलीकडून समजून घेतो. ही मुलगी गेल्या वर्षी माझ्या वर्गात बसे. पहिला महिना ती बोललीच नाही. दुसऱ्या महिन्यात ती मालवणीत भांडू लागली. मार्चमध्ये तिने बापाच्या मजुरीचा हिशेब वहीवर करून मला दाखवला. बागायतदाराने दोन दिवस कमी धरले होते. बापाने तो कागद नेला आणि दोन दिवसांचे पैसे आणले. 34 टक्क्यांच्या शेजारी हा आकडा कुठे बसवायचा, मला ठाऊक नाही.

जूनच्या पहिल्या पावसात ती माणसे गेली. जाताना बाप दाखला मागायला आला नाही, याचा अर्थ परत येण्याचा विचार असावा. त्यांच्याकडे पाऊस संपेपर्यंत ती कुठल्या शाळेत जाते, जाते की नाही, हे विचारायचे राहून गेले. बागांत मोहोराची तयारी आता सुरू होईल. कार्तिकात राखणीची माणसे येऊ लागतील. चौथीच्या पुस्तकांचा एक संच मी कपाटात वेगळा काढून ठेवला आहे.