काटा कोणाचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या 2014 सालच्या स्टार्टर सेटमध्ये 64 पानांचं एक साहसाचं पुस्तक आहे. त्यातलं फॅन्डालिन हे गाव मी पुण्यात मित्रांना मराठीतून खेळवलं. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि इतर सगळ्या पात्रांचं बोलणारा, मीच. गाव म्हणजे चाळीस-पन्नास लाकडी घरं, ऑर्कांनी कित्येक शतकांपूर्वी बेचिराख केलेल्या वस्तीच्या जागेवर उभी राहिलेली. गेल्या तीन-चार वर्षांत नेव्हरविंटर, वॉटरडीपसारख्या शहरांतून माणसं इथे येऊन राहिलीत. आसपासच्या ओढ्यांत थोडंफार सोनं मिळतं. झुंबड उडावी इतकं नाही, पण पोटापुरतं आहे. राजा नाही, सरदार नाही. दरवर्षी निवडून येणारा एक गावप्रमुख आहे, तो गावगुंडांना टरकून असतो.

मला वाटलं होतं, मंडळी आधी या गुंडांच्या मागे लागतील. पण आमच्यातला एक सराफाच्या घरातला. खेळात तो ड्वॉर्फ पुजारी. गावात शिरला तो थेट मायनर्स एक्सचेंजमध्ये, खाणकऱ्यांचा माल तोलून पैसे देणाऱ्या पेढीत. तिथली प्रमुख हालिया थॉर्नटन. तिचे संवाद अर्थात मीच बोलणार.

"बाई, काटा कोणाचा?"

"आमचा."

"आणि कुठला ओढा कुणाचा, ही नोंद?"

"तीही आमच्याच वहीत."

त्यानं फासे खाली ठेवले. "अरे, म्हणजे वजन हीच करणार, पैसे हीच देणार आणि सातबाराही हिच्याचकडे? मग गावप्रमुख काय माश्या मारतो?"

पुस्तकात हे सगळं आहे. गाव हळूहळू मुठीत घ्यायचा हालियाचा बेतही आहे. पण काटा खरा की खोटा, याबद्दल अवाक्षर नाही. तेवढ्यात आमच्या पुजाऱ्याचा हिशेब सुरू झाला: नियमांप्रमाणे 50 नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे एक सोन्याचं नाणं नऊ ग्रॅमचं, पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. व्यापारी तराजूची किंमत नियमपुस्तकात 5 सुवर्णनाणी. गावातल्या बार्थेनच्या दुकानातून यानं तो घेतला आणि एक्सचेंजच्या दारातच मांडून बसला! बाकीचे कपाळाला हात लावून बसले होते, पण मजा त्यांनाही येत होती.

मी काटा चोख ठेवला आणि खोट वहीत घातली. एका म्हाताऱ्या खाणकऱ्याचा ओढा दुसऱ्याच्याच नावावर चढलेला. ती नोंद सापडली तेव्हा आमच्या टेबलावर जो गोंधळ उडाला, तो पुढे ड्रॅगन समोर आला तेव्हाही उडाला नाही. माझ्या मते हे गाव लिहिणाऱ्यांनी सगळ्यात चांगलं काम त्या एक्सचेंजच्या परिच्छेदात केलंय, आणि बहुतेक जण तो एका दमात वाचून पुढे जातात.

तुम्ही फॅन्डालिन खेळवणार असाल तर पुस्तकातल्या थंडरट्री या ठिकाणचा हिरवा ड्रॅगन सावकाश वाचा, आधी एक्सचेंज वाचा. आणि टेबलावर कुणी सराफाच्या घरातला असेल, तर नोंदवही घरूनच लिहून न्या.